एकोणिसाचा पाना

जानोरीच्या शिवारात, आमच्या बांधाच्या दगडाशी
आठ महिने तो नुसता उभा होता.
पाटबंधाऱ्याच्या लिलावात घेतलेला, चेनचा लोडर,
भंगाराच्या भावापेक्षा जरा वर,
कारण बोली चालू असली की मला गप्प बसवत नाही.

सिंधू म्हणाली, पैशाला पाय फुटतात हे ऐकून होते,
तुमच्या ग्रॅच्युइटीला साखळी फुटली.

सातपूरला एकतीस वर्षं लेथवर काढली मी.
सुतात बोलायची सवय हाडात गेलीय.
एकदा म्हणालो, भाजीत मीठ अर्धा सूत कमी आहे,
तर नातू दोन दिवस पट्टी घेऊन फिरत होता.

पहिलं काम पोटाखालची माती.
पहार, खुरपं, शेवटी स्वयंपाकघरातलं उलथनं
(ते अजून परत गेलेलं नाही).
वर लाल, पेठ-हरसूलकडची असावी.
तिच्या आत मुरूम, मग शाडूसारखं काही पांढरं,
आणि सगळ्यात आत काळी,
तेल पिऊन पिऊन दगड झालेली.
कुठकुठल्या पाटांचा गाळ पोटात धरून
हा माझ्या द्राक्षांशेजारी येऊन बसला होता.

काळ्या थरात पाना सापडला.
एकोणीस नंबर. दांड्यावर छिन्नीनं ठोकलेलं: द. भा.

कुणीतरी याची बोलणी खाल्ली असणार.
स्टोअरकीपरनं लाल शाईनं ओळ आखली असेल,
पगारातून कापलेही असतील,
आणि तो सांगत राहिला असेल, साहेब, इथंच ठेवला होता.
खरंच तर होतं. इथंच होता.

द्वारकेवरून मुनाफ मिस्तरी आला.
चेनवरून अंगठा फिरवला, डॉक्टर नाडी बघतो तसा नाही,
गिऱ्हाईक कापड बघतं तसा.
म्हणाला, पिन-बुश एका अंगानं खाल्लेत, काका.
काढू, अर्धा फेरा फिरवू, परत ठोकू.
दुसरं अंग कोरंच आहे.
मी विचारलं, आणि तेही खाल्लं की?
तिसरं अंग नसतं, म्हणाला, आणि चहा बशीत ओतला.

अंबडच्या प्रेसवर तीन दिवस गेले.
एकेक पिन सुटताना बंदुकीसारखा आवाज,
एकेका बुशवर खडूनं आकडा, दोन्ही बाजूंचे मिळून चौऱ्याहत्तर.
त्यातला एक तडकलेला निघाला.
तो मी केला. वामन खैरनारच्या शेडमध्ये,
चष्म्यावर चष्मा लावून.
वाटलं होतं हात थरथरेल.
लोखंडाची साल निळी होऊन गुंडाळत खाली पडली,
आणि वामनचा पोरगा मोबाईल खिशात ठेवून बघत उभा राहिला.
एवढं मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

आता सकाळचा नेम असा:
तेलाची कांडी पुसून, बुडवून, परत पुसून.
एअर क्लीनरची धूळ झटकायची, वाऱ्याकडे पाठ करून.
धुराड्यावरचा डबा काढायचा;
नाही काढला तर गांधीलमाशी विचारत नाही, एकदा समजलंय.
आणि वरच्या बाजूनं चेनला झोळ तीन बोटं.
ताणली तर तुटते, सैल सोडली तर उतरते.
कुणाची तीन बोटं, सिंधूनं विचारलं.
तिची म्हणजे माझी अडीच.
भांडून पावणेतीन ठरली.

परवा शेततळ्यातला गाळ काढला,
काल तीन ओळींना शेणखत टाकलं.
ओल्या काळ्या रानात शेजारचा ट्रॅक्टर रुतला होता,
हा म्हातारा आपला पोटावर सरकल्यासारखा गेला,
धूर मात्र असा सोडला की दोरीवरच्या साड्या
सिंधूनं परत धुतल्या, न बोलता.
त्या न बोलण्याला कुठलंच ग्रीस चालत नाही.

चेन ताणायचा तो जो आतला नट आहे,
त्याला माझा नवा सेट बसत नाही, पान्याचं तोंड जाड पडतं.
द. भा. नं आपल्या पान्याचं तोंड घासून बारीक केलेलं आहे,
नीट, दोन्हीकडून सारखं.

खिळ्याला टांगलाय तो.
मागायला आला तर द्यायचा.
पण आधी त्याच्यापुढं बसून, त्याचा बघून,
माझा एक घासून घ्यायचा.